कर्करोगाची गाठ : १९६८ नंतर संशोधनाने काय साधले?

गुरुकुंज मोझरी : अमरावती-नागपूर महामार्गावरील तिवसा तालुक्यातील या गावी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे कर्करोगाने महानिर्वाण झाले. वयाची साठी त्यांना पूर्ण करता आली नाही. ग्रामगीतेतून गावाच्या आरोग्याचा आणि व्यसनमुक्तीचा आग्रह धरणाऱ्या, खंजिरीच्या तालावर वऱ्हाड जागा करणाऱ्या या संताचा शेवट ज्या व्याधीने केला, त्या व्याधीवर उपचार करणारे प्रादेशिक रुग्णालय आज नागपूरच्या मानेवाडा मार्गावर त्यांच्याच नावाने उभे आहे. मधल्या साडेपाच दशकांत कर्करोगाच्या गाठीविषयीचे ज्ञान किती पुढे गेले, त्यात महाराष्ट्रातील संशोधकांचा वाटा किती आणि त्यातील नेमके काय अमरावती-अकोल्याच्या सामान्य रुग्णापर्यंत पोहोचू शकते, याचा हा आढावा.

तेव्हा वैद्यकाच्या हाती काय होते?

१९६८ साली कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हेच प्रमुख उपाय होते. औषधोपचार बाल्यावस्थेत होता. रक्ताचे काही कर्करोग आणि हॉजकिन्सचा आजार यांवर एकापेक्षा अधिक औषधे एकत्र देण्याचे प्रयोग परदेशात नुकते कुठे यशस्वी होऊ लागले होते. शरीराच्या आत डोकावण्यासाठी साध्या क्ष-किरण चित्रापलीकडे फारसे साधन नव्हते. सीटी स्कॅन यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली ती १९७१ मध्ये, लंडनजवळ. स्तनाच्या कर्करोगात आज सर्रास वापरले जाणारे टॅमॉक्सिफेन तोवर बाजारात आलेले नव्हते.

त्याहून महत्त्वाची उणीव ज्ञानाची होती. पेशी अमर्याद का वाढू लागते, या प्रश्नाला नेमके उत्तर नव्हते. मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या गाठीचा अभ्यास करून अमेरिकेतील आल्फ्रेड क्नुडसन यांनी 'दोन आघातां'चा सिद्धांत मांडला तो १९७१ मध्ये. एखाद्या संरक्षक जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की गाठ उद्भवते, असे त्याचे सार होते. १९७६ मध्ये मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या चमूने दाखवून दिले की, विषाणूत सापडलेल्या कर्करोगकारक जनुकाचे मूळ निरोगी पेशीतच आहे. या शोधाला १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीचा पहारेकरी म्हणून ओळखले जाणारे 'पी-५३' हे प्रथिन १९७९ मध्ये हाती लागले. थोडक्यात, आजच्या अर्बुदशास्त्राचा बहुतेक पाया महाराजांच्या निधनानंतरच्या दशकात घातला गेला.

परळच्या प्रयोगशाळेतील मराठी माणसे

याचा अर्थ महाराष्ट्रात तेव्हा काहीच नव्हते असा मात्र नाही. मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. रुग्णाची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते थांबले नाहीत. रुग्ण काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, याचीही त्यांनी नोंद ठेवली. मुखाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा त्यांचा आढावा १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाचा कोणता भाग रोगाने ग्रासला जातो याचा संबंध त्यांनी तंबाखू व पानाच्या सवयींशी लावला. कमरेभोवती वर्षानुवर्षे घट्ट आवळलेल्या वस्त्राच्या घर्षणामुळे त्वचेवर उद्भवणारा 'धोतराचा कर्करोग' वैद्यकीय साहित्यात आला तोही त्यांच्याच अभ्यासातून, १९४५ मध्ये. कर्करोग हा केवळ दैवाचा फेरा नसून त्याचा धागा राहणीमानाशी जोडलेला आहे, हे त्यांनी या पुराव्यांनी दाखवून दिले.

खानोलकरांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविणाऱ्या डॉ. कमल रणदिवे या केंद्राच्या आधारस्तंभ ठरल्या. पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेल्या कमल समर्थ यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापन करीत. मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. तिने मात्र पेशींचा अभ्यास पत्करला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि मुंबईत त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

या तंत्राचे महत्त्व सामान्य वाचकालाही समजण्याजोगे आहे. रुग्णाच्या शरीरात गाठीवर प्रयोग करता येत नाहीत. पण काचेच्या बशीत जिवंत ठेवलेल्या पेशींवर एखादे रसायन, संप्रेरक वा विषाणू काय परिणाम करतो, हे पाहता येते. रणदिवे यांनी उंदरांच्या निरनिराळ्या वाणांवर व संवर्धित पेशींवर काम करून स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध शोधण्याचा प्रयत्न केला. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला दुवा पुढे, १९९० च्या दशकात, 'ब्रॅका' जनुकांच्या शोधाने जगन्मान्य झाला. १९६६ ते १९७० या काळात संशोधन केंद्राच्या संचालकपदाची जबाबदारी रणदिवे यांच्याकडे होती. मोझरीत महाराजांनी देह ठेवला त्या वर्षी देशातील या अग्रगण्य केंद्राची सूत्रे एका मराठी स्त्रीच्या हाती होती, ही बाब फारशी कोणाच्या स्मरणात नाही. १९७३ मध्ये त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना केली आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

रुग्णालय आणि संशोधन केंद्र १९६६ मध्ये टाटा मेमोरियल सेंटर या एकाच छत्राखाली आले. पुढे २००२ मध्ये संशोधनाची शाखा नवी मुंबईतील खारघर येथील 'अ‍ॅक्ट्रेक' या प्रशस्त संकुलात स्थलांतरित झाली.

गाठ म्हणजे नेमके काय?

शरीरातील पेशी शिस्तीने वाढतात, झिजतात आणि मरतात. गरज भासली की विभाजन, गरज संपली की थांबणे, बिघाड झाला की स्वतःला संपविणे, ही शिस्त जनुकांतून लिहिलेली असते. तंबाखूतील रसायने, काही विषाणू, किरणोत्सर्ग, वाढते वय किंवा निव्वळ योगायोग यांमुळे या जनुकांत चुका साचत जातात. एका चुकीने सहसा कर्करोग होत नाही. वाढीचा 'गतिवर्धक' अडकून बसला आणि 'ब्रेक'ही निकामी झाला, की पेशी बेबंद होते.

डग्लस हॅनहान आणि रॉबर्ट वाइनबर्ग या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये कर्करोगाच्या पेशीची सहा लक्षणे एकत्र मांडली. वाढीचे आदेश स्वतःच स्वतःला देणे, थांबण्याचे आदेश न जुमानणे, मृत्यू टाळणे, अमर्याद विभाजन, स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण करणे आणि आजूबाजूला व दूरवर पसरणे ही ती लक्षणे होत. २०११ मध्ये त्यांनी त्यात ऊर्जेच्या वापरातील बदल आणि प्रतिकारशक्तीला चुकविणे यांची भर घातली. रक्तवाहिन्यांची कल्पना अमेरिकी शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्येच मांडली होती. नवी रक्तवाहिनी मिळाली नाही तर गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

साध्या गाठीत आणि कर्करोगाच्या गाठीत फरक असतो तो पसरण्याचा. चरबीची गाठ वर्षानुवर्षे जागच्या जागी राहते. कर्करोगाच्या पेशी मात्र भोवतालच्या ऊतींत शिरतात, लसिकाग्रंथींत उतरतात आणि रक्तावाटे फुफ्फुस, यकृत, हाडे येथे पोहोचतात. कर्करोगाने होणाऱ्या बहुसंख्य मृत्यूंना मूळ गाठीपेक्षा हा प्रसारच कारणीभूत असतो.

येथे एक हिशेब ध्यानात घेण्याजोगा आहे. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार अशा पटीने वाढ होत गेल्यास ३० वेळा दुप्पट झाल्यावर पेशींची संख्या १०० कोटींच्या पुढे जाते. साधारण एक घन सेंटिमीटरच्या गाठीत इतक्या पेशी असतात, असा प्रचलित ठोकताळा आहे. त्यानंतर आणखी दहा वेळा दुप्पट झाल्यास तीच गाठ किलोभर वजनाची होईल, जे बहुधा शरीराला सोसवतच नाही. बोटाला लागण्याजोगी गाठ ही अशा रीतीने रोगाची सुरुवात नसते. त्याचा तीन चतुर्थांश प्रवास तोवर संपलेला असतो. 'दुखत नाही, मग पाहू पुढे' असे म्हणून घालविलेले सहा महिने म्हणूनच फार महाग पडतात.

औषधे निष्प्रभ का होतात, याचे उत्तरही गाठीच्या जीवशास्त्रात आहे. एकाच गाठीतील सर्व पेशी सारख्या नसतात. औषधाला बळी पडणाऱ्या पेशी मरतात. न जुमानणाऱ्या मूठभर उरतात आणि त्यांचीच प्रजा माजते. वऱ्हाडातील कापूस उत्पादकाला हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पुन्हा कशी उलटली, हे त्याने शेतात पाहिले आहे. निवडीचा नियम दोन्हीकडे एकच आहे. म्हणूनच कर्करोगतज्ज्ञ एका औषधावर विसंबत नाहीत, वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे एकत्र योजतात आणि उपचार अर्धवट सोडू नयेत असे बजावतात.

खर्रा आणि तोंडाचा कर्करोग

विदर्भाच्या संदर्भात या साऱ्या ज्ञानाचा सर्वांत मोठा संबंध येतो तो तोंडाच्या कर्करोगाशी. पानटपरीवर प्लास्टिकच्या कागदात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून तयार होणारा खर्रा अमरावती, अकोला, यवतमाळपासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत सर्वत्र आढळतो. प्रौढांच्या तंबाखू सेवनाचे जे राष्ट्रीय सर्वेक्षण २०१६-१७ मध्ये झाले, त्यानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांपैकी बहुतेकांची तंबाखू धुराची नव्हे, तर खाण्याची वा लावण्याची होती.

खर्ऱ्यातील धोका केवळ तंबाखूचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा दिला आहे. सुपारीतील घटकांमुळे गालाच्या आतील अस्तराखाली तंतुमय ऊती साचत जाते, अस्तर ताठर व पांढुरके होते आणि तोंड उघडेनासे होते. तिखट लागताच आग होणे आणि तीन बोटे उभी तोंडात न जाणे ही त्याची ओळख होय. हा कर्करोग नव्हे, परंतु त्याची पूर्वावस्था होय. ग्रामीण महाराष्ट्रात अशा पूर्वावस्थांचा शोध घेण्याची परंपरा जुनी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता यांच्या चमूने राज्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून काढलेले निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले होते.

गाल आणि हिरडीच्या कर्करोगाचे जनुकीय स्वरूपही आता बरेच उलगडले आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुक प्रकल्पातील भारताच्या वाट्याला हाच कर्करोग आला होता. खारघरचे अ‍ॅक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. 'पी-५३' सारख्या परिचित जनुकांबरोबरच या रुग्णांत वारंवार बिघडणारी पाच नवी जनुके त्यात नोंदविली गेली. पाश्चात्त्य देशांतील घशा-जिभेच्या कर्करोगाचे ठोकताळे तंबाखू-सुपारीने झालेल्या आपल्या कर्करोगाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, याचा हा पुरावा होता.

राज्य शासनाने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली आणि पुढील वर्षी सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारीही बंदीच्या कक्षेत आणली. तरीही खर्रा घोटणारे हात थांबलेले नाहीत, हे कोणत्याही बसस्थानकाबाहेर दिसून येते.

मुंबईत झालेले, जगाने स्वीकारलेले

रोग झाल्यानंतरच्या उपचारांतही राज्यातील संशोधनाने काही मूलभूत प्रश्न सोडविले. तोंडाचा कर्करोग लहान असेल आणि मानेत गाठ लागत नसेल, तर मानेतील लसिकाग्रंथी त्याच वेळी काढाव्यात की गाठ उद्भवेपर्यंत थांबावे, हा वाद अर्धशतकाचा होता. टाटा रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांची दोन गटांत विभागणी करून याचा निकाल लावला. पहिल्या ५०० रुग्णांच्या निष्कर्षांनुसार ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते, तर थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. न लागणाऱ्या, न दिसणाऱ्या पेशी मानेत आधीच उतरलेल्या असतात, हे गाठीच्या प्रसाराचे तत्त्व त्यातून शस्त्रक्रियेच्या टेबलावर सिद्ध झाले.

दुसरे उदाहरण स्तनाच्या कर्करोगाचे. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हाताळली जात असताना पेशींना प्रसाराची चालना मिळत असावी, असा डॉ. राजेंद्र बडवे यांचा कयास होता. त्यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांवर चाचणी झाली. अर्ध्या स्त्रियांना गाठ काढण्याच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे दातांच्या दवाखान्यातही वापरले जाणारे बधिरतेचे औषध टोचण्यात आले. पाच वर्षांनंतर इंजेक्शन घेतलेल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, तर दुसऱ्या गटात ८६.४ टक्के. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचे वैशिष्ट्य म्हणजे औषधाचा खर्च शंभर रुपयांच्या घरात आहे. पेशींच्या आवरणातील सोडियमच्या वाहिन्या या औषधाने बंद होतात व पेशींची हालचाल मंदावते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

तिसरे उदाहरण प्रतिकारशक्तीच्या औषधांचे. कर्करोगाची पेशी शरीराच्या सैनिक पेशींना 'मी आपलाच' असा खोटा संकेत देते. तो संकेत तोडण्याच्या शोधाला २०१८ चे नोबेल मिळाले. निव्होलुमॅबसारखी ही औषधे लाखो रुपयांची. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या तोंड-घशाच्या कर्करोगात नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम मात्रा, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने दिली तर काय होईल, हे टाटातील डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी तपासले. एक वर्षानंतर केवळ गोळ्या घेणाऱ्या गटात १६.३ टक्के, तर अल्प मात्रा जोडलेल्या गटात ४३.४ टक्के रुग्ण हयात होते. रुग्णसंख्या १५१ इतकी मर्यादित असली तरी २०२२ मधील या निष्कर्षाने गरीब देशांतील डॉक्टरांपुढे नवी वाट खुली केली.

धाराशिवची चाचणी आणि एक वाद

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा प्रश्न निराळा. तो बहुतांशी मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउझेन यांनी दाखविले व त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. या ज्ञानाचा ग्रामीण भागात उपयोग होतो का, याची कसोटी महाराष्ट्रातच लागली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी झाली. ३० ते ५९ वयोगटात विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा जरी झाली, तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असा निष्कर्ष २००९ मध्ये जाहीर झाला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांच्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ व्हिनेगर लावून डोळ्यांनी केलेल्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

या यशाला एक काळी किनारही आहे. दोन्ही चाचण्यांत तुलनेसाठीच्या गटातील स्त्रियांना रोगाची माहिती दिली गेली, पण तपासणी केली गेली नाही. त्या गटांत अधिक स्त्रिया दगावल्या. उपयुक्त तपासणी उपलब्ध असताना त्यांना ती का नाकारली, असा आक्षेप परदेशी तज्ज्ञांनी घेतला. देशात अशी तपासणी कोणालाच नियमित मिळत नव्हती व पुराव्यावाचून शासन ती सुरू करणार नव्हते, असे संशोधकांचे उत्तर होते. वाद अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. मात्र इतकी किंमत मोजून हाती आलेल्या ज्ञानाचा लाभ खेड्यातील सर्व स्त्रियांना मिळू नये, हे अधिक खेदजनक म्हणावे लागेल. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या 'सर्व्हाव्हॅक' या प्रतिबंधक लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाल्याने पुढील पिढीसाठी आशा निर्माण झाली आहे.

जिवंत औषध

मुंबईतील आयआयटी आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून विकसित केलेली 'कार-टी' उपचारपद्धती हा या मालिकेतील सर्वांत अद्ययावत टप्पा. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून त्यांत कर्करोगाची पेशी ओळखणारे जनुक बसविले जाते, त्या प्रयोगशाळेत वाढविल्या जातात आणि पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडल्या जातात. 'नेक्सकार-१९' या नावाच्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली व ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा औपचारिक प्रारंभ झाला. परदेशात कोट्यवधी रुपयांना पडणारा उपचार येथे त्याच्या लहानशा अंशात शक्य झाला असला, तरी तो अजूनही लाखांत आहे आणि रक्ताच्या विशिष्ट कर्करोगांपुरताच मर्यादित आहे. तोंड, स्तन वा गर्भाशयमुखाच्या घट्ट गाठींवर अशी पद्धती परिणामकारक ठरविण्याचे प्रयत्न जगभर चालू असले, तरी तेथे अद्याप मोठे यश आलेले नाही.

वऱ्हाडापुढील प्रश्न

मोझरीसारख्या गावातील रुग्णाला आज १९६८ च्या तुलनेत कितीतरी अधिक सोयी हाताशी आहेत. नागपुरात तुकडोजी रुग्णालयाखेरीज जामठा येथे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी राहिली आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत वर्धा जिल्ह्यातील कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी होते. गरिबांच्या शस्त्रक्रिया व उपचारांचा भार उचलणारी जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावतीचा समावेश होता. आता ती महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना या नावाने राज्यभर राबविली जाते.

अडसर आहे तो उशिराचा. तोंडात व्रण झाला की आधी घरगुती उपाय, मग गावातील वैदू, मग दात काढणे, असा प्रवास करीत रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तेव्हा गाठ गालातून जबड्यात शिरलेली असते. गाठीचा तुकडा तपासण्यासाठी काढला की रोग पसरतो, हा समजही खोलवर रुजलेला आहे. या समजाला शास्त्रीय आधार नाही. उलट तुकडा तपासल्यावाचून गाठीचा प्रकार कळत नाही आणि प्रकार कळल्यावाचून नेमका उपचार ठरत नाही.

कोट्यवधींच्या यंत्रांची व औषधांची चर्चा नेहमीच होते. पण वर उल्लेखिलेल्या संशोधनापैकी वऱ्हाडाला सर्वाधिक उपयोगी पडणारे निष्कर्ष शंभर रुपयांच्या इंजेक्शनाचे, व्हिनेगरच्या बोळ्याचे आणि वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेचे आहेत. तोंडाची तपासणी करण्यास एक बॅटरी आणि दोन मिनिटे पुरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून दंतवैद्याच्या दवाखान्यापर्यंत ती नियमाने झाली, खर्ऱ्याची पुडी तरुणांच्या हातून सुटली आणि तिशीनंतर प्रत्येक स्त्रीची एकदा तरी विषाणूचाचणी झाली, तर खारघरच्या प्रयोगशाळेतील श्रमांचे चीज तिवसा आणि बाळापूरमध्ये दिसू लागेल.

तपासणी केव्हा करावी?

- तोंडातील व्रण दोन-तीन आठवड्यांत भरून न आल्यास
- गालाच्या आत, जिभेवर वा हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा दिसल्यास
- तोंड पूर्ण उघडेनासे झाल्यास अथवा तिखटाने सतत आग होत असल्यास
- मानेत, काखेत वा स्तनात न दुखणारी गाठ लागल्यास
- मासिक पाळी बंद झाल्यानंतर रक्तस्राव झाल्यास, किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये अथवा शरीरसंबंधानंतर तो होत असल्यास
- आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसल्यास, गिळताना अडथळा येत असल्यास
- कारण नसताना वजन झपाट्याने घटल्यास

यांपैकी कोणतेही लक्षण म्हणजे कर्करोगच असे नाही. बहुतेक वेळा कारण साधे निघते. मात्र ते साधे आहे की नाही, हे तज्ज्ञाने तपासून ठरवावयाचे असते.